दीर्घकालीन किरणोत्सर्ग आणि घनद्रव्यांची रचना : खनिजांची साक्ष व तुर्भे येथील काच

घाटकोपर-चेंबूरच्या आग्नेयेस खाडीला लागून तुर्भे उर्फ ट्रॉम्बे येथील टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी १९५६ च्या ऑगस्ट महिन्यात 'अप्सरा' ही अणुभट्टी प्रथम कार्यान्वित झाली. १९६० मध्ये 'सायरस' ही मोठी भट्टी सुरू झाली, आणि तिच्यातील वापरलेल्या इंधनापासून प्लुटोनियम वेगळे करण्याचा कारखाना १९६४ मध्ये त्याच परिसरात उभा राहिला. वापरलेल्या युरेनियमच्या कांड्या नत्राम्लात विरघळवून त्यांतून युरेनियम व प्लुटोनियम काढून घेतल्यावर जो द्रव मागे राहतो, त्यात अणुविभाजनातून जन्मलेल्या मूलद्रव्यांचा जवळजवळ सारा किरणोत्सर्ग एकवटलेला असतो. हा द्रव पोलादी टाक्यांत साठविता येतो. परंतु टाकीचे आयुष्य दशकांत मोजावयाचे आणि द्रवातील काही मूलद्रव्यांचे आयुष्य सहस्रकांत, ही विसंगती टाकीने मिटत नाही. यास्तव हा द्रव आटवून, भाजून, काचेच्या रसात एकजीव करावयाचा व त्या काचेचे ठोकळे पोलादी डब्यांत बंद करावयाचे, असा मार्ग जगातील बहुतेक देशांनी स्वीकारला. तुर्भे येथील काचीकरणाचा कारखाना २००२ मध्ये सुरू झाला.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. ज्या घनद्रव्यात किरणोत्सर्ग कोंडावयाचा, त्या द्रव्यावर तो किरणोत्सर्ग आतून अखंड आघात करीत राहणार. भिंतीबाहेरच्या शत्रूपासून रक्षण करणे निराळे आणि भिंतीच्या विटांमध्येच शत्रू चिणून ठेवणे निराळे. दहा सहस्र वर्षे असा आघात सोसल्यावर त्या द्रव्याची रचना, घनता व पाण्यात न विरघळण्याचा गुण टिकून राहील काय? कोणत्याही प्रयोगशाळेला दहा सहस्र वर्षांचा प्रयोग करता येत नाही. निसर्गाने मात्र असे प्रयोग कोट्यवधी वर्षे चालविले आहेत व त्यांची नोंद खनिजांत सुरक्षित ठेवली आहे. ह्या नोंदीतून कोणते तत्त्व हाती येते आणि तुर्भे येथील काचेच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. आघाताचे स्वरूप

किरणोत्सर्गाचे घनद्रव्यावर होणारे परिणाम दोन प्रकारचे असतात. बीटा व गॅमा किरण आपली शक्ती मुख्यत्वे इलेक्ट्रॉनांना देतात. इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतात, काही अन्यत्र अडकून पडतात, आणि त्यामुळे स्फटिकाला अथवा काचेला रंग चढतो. खाणीतील धुरकट स्फटिक, म्हणजे काळपट छटा असलेले क्वार्ट्झ, हे या क्रियेचे परिचित उदाहरण होय. असा स्फटिक तापविला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात व रंग नाहीसा होतो. इलेक्ट्रॉन सुटताना काही खनिजे प्रकाश देतात. किरणोत्सर्गाच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांच्या छातीवर जो मापक बिल्ला लावलेला असतो, त्यातील कॅल्शियम सल्फेटची चकती याच गुणधर्मावर चालते.

अल्फा-उत्सर्गाचा परिणाम याहून खोलवर जातो. युरेनियम-२३८ च्या अणुगर्भातून अल्फा कण बाहेर पडतो, तेव्हा त्याची ऊर्जा ४२ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. हा हलका कण स्फटिकातून दहा-वीस मायक्रॉन धावतो. वाटेत बहुतेक ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देतो व प्रवासाच्या शेवटी काहीशे अणूंना जागेवरून हलवितो. तोफेतून गोळा सुटताच तोफ जशी मागे रेटली जाते, तसा मागे उरलेला जड अणुगर्भही प्रतिक्षेपाने मागे फेकला जातो. त्याची ऊर्जा अवघी ७० सहस्र इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, आणि त्याची धाव मायक्रॉनच्या काही शतांशांपुरती. परंतु ही सारी ऊर्जा इतक्या तोकड्या जागेत खर्च होते की तेथील अणूंची रांगच्या रांग विस्कटून जाते. ढोबळ हिशेबाने एका प्रतिक्षेपाने सुमारे एक सहस्र अणू स्थानभ्रष्ट होतात. अशा रीतीने कमी ऊर्जेचा प्रतिक्षेपित अणुगर्भ हाच रचनेच्या विध्वंसाचा खरा कर्ता ठरतो. अल्फा कणाची धाव अधिक, परंतु त्याची मोडतोड विरळ असते.

याशिवाय दोन परिणाम लक्षात घ्यावयास हवेत. अल्फा कण म्हणजे हीलियमचा अणुगर्भ. तो थांबला की घनद्रव्यात हीलियम वायूचा एक अणू वाढतो. दुसरे असे की, उत्सर्गानंतर मूलद्रव्यच पालटते. एकसंयुजी सीझियम-१३७ चे द्विसंयुजी बेरियम होते. स्ट्रॉन्शियम-९० चे प्रथम इट्रियम व नंतर झिर्कोनियम होते. ज्या जागेत एक मूलद्रव्य नेमके बसविले होते, तेथे काही दशकांनी निराळ्या आकाराचे व निराळ्या संयुजेचे मूलद्रव्य येऊन बसते. उत्तम आश्रयद्रव्याला हा पालटही सोसावा लागतो.

२. खनिजांतील नोंद

किरणोत्सर्गाचा शोध १८९६ मध्ये लागला. त्याच्या कितीतरी आधी खनिजशास्त्रज्ञांना त्याचे परिणाम दिसले होते. त्यांचे कारण मात्र उमगले नव्हते. १८१५ मध्ये बर्झेलियसने नोंदविले की, गॅडोलिनाइट नावाचे खनिज तापविले असता ते एकाएकी प्रज्वलित झाल्याप्रमाणे उजळते. ही आतील साठलेली ऊर्जा कोठून आली, हे त्या काळी सांगता येणे शक्य नव्हते. १८९३ मध्ये नॉर्वेच्या ब्रॉगरने अशा खनिजांना 'मेटामिक्ट' ही संज्ञा दिली. बाहेरून पाहता त्यांना स्फटिकाचे पैलू व कोन असतात. आतून ती काचेप्रमाणे अस्फटिकी असतात व फुटली की शंखाकृती भंग दाखवितात. जणू घराचा दर्शनी भाग तसाच उभा असावा आणि आतील खांब-तुळया ढासळलेल्या असाव्यात. १९०७ मध्ये डब्लिनच्या जॉन जोलीने कृष्ण अभ्रकात झिर्कॉनच्या सूक्ष्म कणांभोवती आढळणाऱ्या रंगीत वलयांचा अर्थ लावला. वलयाची त्रिज्या म्हणजे अल्फा कणाची अभ्रकातील धाव, असे त्याने दाखवून दिले. १९१४ मध्ये हॅम्बर्गने मेटामिक्ट अवस्थेचे कारणही अल्फा कणच असावेत असे सुचविले.

या विचाराला मापनाची जोड मिळाली ती १९५५ मध्ये. हॉलंड व गॉटफ्रीड यांनी श्रीलंकेतील झिर्कॉन स्फटिकांचा अभ्यास केला. हे स्फटिक जवळजवळ एकाच वयाचे, सुमारे ५५ कोटी वर्षांचे. परंतु प्रत्येकातील युरेनियम-थोरियमचे प्रमाण निरनिराळे. त्यामुळे त्यांना निरनिराळा आघात पोहोचलेला होता आणि एका ओळीत मांडल्यास ते एकाच प्रक्रियेच्या क्रमवार पायऱ्या दाखवीत होते. आघात वाढत जातो तशी घनता ४.७ वरून ४ च्या किंचित खाली येते, आकारमान सुमारे १८ टक्क्यांनी फुगते, आणि एका ग्रॅममध्ये १ वर १९ शून्ये इतके अल्फा-उत्सर्ग होईपर्यंत स्फटिकरचना संपुष्टात येते. त्यापुढे कितीही आघात झाला तरी घनता आणखी घटत नाही. जे मोडावयाचे ते सर्व मोडून झालेले असते.

या अभ्यासाने एक सोपा नियम हाती आल्यासारखे वाटले : एकूण आघात मोजावा आणि द्रव्याचे भवितव्य सांगावे. परंतु हा नियम पुरता नाही, हे भारतातीलच एका खनिजावरून सिद्ध होते.

३. मोनाझाइटचे कोडे

केरळातील चवरा व तमिळनाडूतील मनवाळकुरिची येथील समुद्रकिनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट हे खनिज सापडते. सीरियमादी विरल मृदाधातूंचे हे फॉस्फेट असून त्यात ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते. भारताच्या अणुकार्यक्रमाचा आरंभ एका अर्थाने याच वाळूपासून झाला. १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला, आणि तेथून येणाऱ्या द्रव्यापासून थोरियम शुद्ध करण्याचे काम १९५५ मध्ये तुर्भे येथे सुरू झाले.

या मोनाझाइटने किती आघात सोसला आहे, याचा हिशेब पदव्युत्तर विद्यार्थ्याला कागदावर करता येण्याजोगा आहे. थोरियम ऑक्साइड ९ टक्के धरल्यास एका ग्रॅममध्ये थोरियमचे सुमारे २ वर २० शून्ये इतके अणू येतात. थोरियमचा अर्धायुकाल १,४०० कोटी वर्षे. केरळच्या ज्या प्राचीन खडकांतून ही वाळू सुटून आली, त्यांचे रूपांतरण सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचे. तेवढ्या काळात मूळ थोरियमपैकी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास अणूंचा ऱ्हास होतो, व प्रत्येक अणू शिसे होईपर्यंत सहा अल्फा कण बाहेर टाकतो. गुणाकार केला असता एका ग्रॅममागे ३ वर १९ शून्ये याहून थोडे अधिक अल्फा-उत्सर्ग झाले, असे उत्तर येते. युरेनियमचा वाटा यात धरलेलाच नाही.

म्हणजे झिर्कॉनला पूर्णतः अस्फटिकी करणाऱ्या मात्रेच्या तिप्पट आघात या मोनाझाइटने सोसला. तरीही क्ष-किरणांनी तपासले असता ते स्फटिकच असल्याचे आढळते. पूर्णपणे मेटामिक्ट झालेले मोनाझाइट निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. वय तेच, आघात अधिक, आणि परिणाम मात्र उलट!

या कोड्याचे उत्तर असे की, घनद्रव्यात मोडतोडीबरोबरच दुरुस्तीही अखंड चालू असते. स्थानभ्रष्ट अणूला पुरेशी उष्णता व हालचालीची मोकळीक मिळाली, तर तो पुन्हा मूळ जागी परततो. जड आयनांच्या माऱ्याखाली केलेल्या प्रयोगांत असे दिसते की, मोनाझाइट अवघ्या २०० अंश सेल्सियसच्या आतबाहेरच दुरुस्ती इतक्या वेगाने करते की त्याला अस्फटिकी करणे अशक्य होते. झिर्कॉनसाठी हीच मर्यादा ७०० अंशांच्या वर आहे. मोनाझाइटमधील फॉस्फेटचे चतुष्फलक परस्परांना सहसा जोडले जात नाहीत. ते विस्कटले तरी सुटे राहतात व पुन्हा रांगेत बसतात. झिर्कॉनमधील सिलिकेटचे चतुष्फलक मात्र मोडतोडीत एकमेकांना चिकटून साखळ्या करतात व ती गुंतागुंत सुटता सुटत नाही. शिवाय मोनाझाइटमध्ये खुद्द अल्फा कण आपल्या धावेत इलेक्ट्रॉनांना जी ऊर्जा देतो, तीही दुरुस्तीला साहाय्यक होते, असे अलीकडच्या प्रयोगांनी दाखविले आहे. प्रतिक्षेपित अणुगर्भ मोडतो आणि त्याचाच जोडीदार अल्फा कण काही अंशी सांधतो, असा हा विलक्षण व्यवहार आहे.

युरेनिनाइट, म्हणजे युरेनियम ऑक्साइड, याचीही गोष्ट अशीच आहे. याच्याइतका आघात अन्य कोणत्याही खनिजाला पोहोचत नाही; तरीही ते स्फटिकच राहते. आफ्रिकेतील गॅबन देशात ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुविभाजनाची शृंखलाक्रिया चालली होती, हे १९७२ मध्ये उघडकीस आले. तेथील युरेनिनाइटच्या आत निर्माण झालेले प्लुटोनियम आपल्या ऱ्हासापर्यंत बहुतांशी जागच्या जागी राहिले. सीझियम व आयोडीन यांच्यासारखी मूलद्रव्ये मात्र बहुतांशी निघून गेली.

यावरून जे तत्त्व निघते ते असे : एकूण आघाताच्या आकड्यावरून द्रव्याचे भवितव्य ठरत नाही. मोडतोडीचा वेग आणि दुरुस्तीचा वेग यांच्या स्पर्धेवरून ते ठरते, आणि ही स्पर्धा रासायनिक रचना व तापमान यांच्या अधीन असते.

४. दुरुस्ती न झाल्यास

दुरुस्तीवाचून मोडतोड साठत गेल्यास काय घडते, याचा धडा मानवाला ग्रॅफाइटने दिला. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ग्रॅफाइटमधील कार्बनचे अणू स्थानभ्रष्ट होऊन त्यात ऊर्जा साठते, हे विग्नरने १९४० नंतरच्या दशकाच्या आरंभीच ओळखले होते. इंग्लंडमधील विंडस्केल येथील भट्टी कमी तापमानावर चालत असल्याने ही ऊर्जा साठून राही, व ती वेळोवेळी ग्रॅफाइट तापवून सोडून द्यावी लागे. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये असे करीत असतानाच भट्टीला आग लागली व किरणोत्सर्गी द्रव्ये वातावरणात पसरली. बर्झेलियसच्या हातातील गॅडोलिनाइटचा कण ज्या कारणाने उजळला, त्याच जातीची साठलेली ऊर्जा येथेही होती.

अणुकचऱ्याच्या आश्रयद्रव्यात एवढी ऊर्जा साठत नाही, व जी साठते ती एका मर्यादेपर्यंत वाढून स्थिरावते. तरी फुगवटा हा धोका राहतोच. ऑस्ट्रेलियाच्या रिंगवुडने १९७८ च्या सुमारास 'सिनरॉक' नामक कृत्रिम खडक सुचविला. निसर्गात दीर्घकाळ टिकलेल्या झिर्कोनोलाइट, पेरोव्स्काइट इत्यादी खनिजांच्या धर्तीवर त्याची रचना होती. त्यांपैकी झिर्कोनोलाइट निसर्गात मेटामिक्ट झालेले आढळते. पण तसे होऊनही त्याने आपले युरेनियम व थोरियम फारसे गमावलेले नसते. म्हणून स्फटिकरचना मोडणे आणि कोंडलेले द्रव्य निसटणे या दोन घटना एकच मानणे चुकीचे ठरेल. फुगवट्यामुळे भेगा पडल्या आणि त्यांतून पाण्याला वाट मिळाली, म्हणजे खरा अपाय होतो.

५. तुर्भे येथील काच

काचेला मुळात स्फटिकरचनाच नसते. तेव्हा ती मेटामिक्ट होण्याचा प्रश्न उद्भवत नाही, आणि काचेच्या निवडीमागील एक युक्तिवाद हाच होता. दुसरा असा की, काचेच्या जाळीत अनेक आकारांची व संयुजांची मूलद्रव्ये सामावून घेता येतात. सीझियमचे बेरियम झाले तरी जाळी त्याला सांभाळून घेते.

तुर्भे येथील द्रवाने मात्र एक वेगळीच अडचण उभी केली. पूर्वी प्लुटोनियम वेगळे करताना फेरस सल्फॅमेट वापरले जाई. त्यामुळे साठलेल्या द्रवात सल्फेटचे प्रमाण मोठे होते. नेहमीच्या सोडियम-बोरोसिलिकेट काचेत सल्फेट सुमारे एक टक्क्यापलीकडे विरघळत नाही. उरलेले सल्फेट वितळलेल्या क्षाराच्या थराच्या रूपाने काचेच्या रसावर तरंगते, सीझियम आपल्याकडे ओढून घेते आणि पाण्यात सहज विरघळते. काचेच्या ठोकळ्यावर असा थर राहणे म्हणजे सर्व खटाटोप व्यर्थ जाणे होय. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी या द्रवासाठी बेरियम-बोरोसिलिकेट काच सिद्ध केली. तीत सल्फेट अधिक प्रमाणात सामावते व सुटा थर तयार होत नाही. आश्रयद्रव्य हे कोंडावयाच्या द्रव्याच्या स्वभावाप्रमाणे घडवावे लागते, याचे हे स्वच्छ उदाहरण आहे.

या काचेवर किरणोत्सर्गाचा परिणाम दोन कालखंडांत विभागून पाहावा लागतो. पहिली सुमारे ३०० वर्षे सीझियम-१३७ व स्ट्रॉन्शियम-९० यांचे राज्य असते. दोहोंचा अर्धायुकाल ३० वर्षांच्या आसपास. म्हणजे तीन शतकांत दहा अर्धायुकाल उलटून त्यांचा अंश सहस्रांशावर येतो. या काळातील आघात मुख्यत्वे बीटा व गॅमा किरणांचा. तुर्भे येथे गॅमा-भारित बेरियम-बोरोसिलिकेट काचेचा इलेक्ट्रॉन-पॅराचुंबकीय अनुस्पंदनाच्या पद्धतीने जो अभ्यास झाला, त्यात बोरॉन-ऑक्सिजन बंधांपाशी इलेक्ट्रॉनांची उणीव असलेली केंद्रे निर्माण झाल्याचे दिसले. तापमान वाढविले की ही केंद्रे विरून जातात. ठोकळा स्वतःच्या उष्णतेने काही काळ गरम राहत असल्याने या दुरुस्तीला त्याची मदतच होते. याच केंद्रात द्रवातून सीझियम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या घडविल्या जातात व त्या रक्तपेढ्यांतील रक्त किरणांनी भारित करण्याच्या यंत्रांत वापरल्या जातात. कचऱ्यातील एका घटकाचा असा उपयोग होतो, आणि तीव्र गॅमा किरणांच्या सहवासात काच कशी वागते याचा अनुभवही जमा होतो.

दुसरा कालखंड दीर्घ आहे. अमेरिसियम-२४१ चा अर्धायुकाल ४३२ वर्षे, प्लुटोनियम-२३९ चा २४,१०० वर्षे, नेप्च्युनियम-२३७ चा २१ लक्ष वर्षांहून अधिक. या काळातील आघात अल्फा-प्रतिक्षेपाचा. काचेला रचना नाही म्हणून तिला काहीच होत नाही, असे मात्र नव्हे. फ्रान्स, अमेरिका इत्यादी देशांत १८ वर्षे अर्धायुकालाचे क्युरियम-२४४ काचेत मिसळून काही वर्षांतच सहस्रकांचा आघात घडविण्यात आला. त्यातून असे आढळले की, काचेचे आकारमान सुमारे एक टक्क्याच्या आतच बदलते, कठीणपणा जवळजवळ एक-तृतीयांशाने घटतो, भेगांना विरोध करण्याचा गुण वाढतो, आणि एका ग्रॅममागे काही वेळा १ वर १८ शून्ये इतके उत्सर्ग झाल्यावर हे सारे बदल स्थिरावतात. काच नव्या अवस्थेत जाते व तेथेच राहते. वीजकेंद्रांच्या इंधनातून येणाऱ्या काचेला ही मात्रा काही सहस्र वर्षांत गाठता येते. संशोधन-भट्ट्यांचे इंधन कमी जळालेले असल्याने तुर्भे येथील काचेवरील अल्फा-भार त्या मानाने हलका आहे.

६. अंधेरीचा पाषाण काय सांगतो

काचेसाठी नैसर्गिक साक्षीदार शोधावयाचा तर मुंबईच्या उपनगरांतच तो भेटतो. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे उभे षट्कोनी स्तंभ हे थिजलेल्या बेसाल्ट लाव्हाचे होत. आर्गॉन पद्धतीने त्यांचे वय सुमारे ६ कोटी वर्षे ठरले आहे. त्याच सुमाराच्या ज्वालामुखी-क्रियेत मुंबईच्या परिसरात काही लाव्हा पाण्यात ओतला गेला व झटकन थिजून काचमय झाला. बेसाल्टची काच व अणुकचऱ्याची काच या दोन्ही सिलिकेट काचा असल्याने दख्खनच्या काचेची तुलना अणुकचऱ्याच्या काचेशी करण्याचे काम भारतीय भूशास्त्रज्ञांनी केलेही आहे.

परंतु हा साक्षीदार कशाबद्दल बोलू शकतो, हे आधी पाहावयास हवे. बेसाल्टमध्ये युरेनियम दशलक्षांत अर्धा भाग व थोरियम दोन भाग धरले, तर ६ कोटी वर्षांत एका ग्रॅममागे २ वर १४ शून्ये इतकेच अल्फा-उत्सर्ग होतात. वीजकेंद्रांच्या अणुकचऱ्याची काच दहा सहस्र वर्षांत याच्या काही सहस्र पट तरी आघात सोसते. म्हणजे किरणोत्सर्गाच्या बाबतीत गिल्बर्ट टेकडीचा पाषाण अननुभवी आहे. तो बोलू शकतो ते पाण्याबद्दल. कांदिवली-मालाड भागातील खाणींतून प्रीह्नाइट, लॉमोंटाइट, गायरोलाइट अशी जलयुक्त सिलिकेटे निघत आली आहेत; उष्ण पाणी लाव्हाच्या फटींतून व पोकळ्यांतून हिंडले आणि त्याने मूळ द्रव्य विरघळवून नवी खनिजे घडविली, याची ती खूण होय. काचेचा दीर्घकालीन शत्रू पाणी आहे, ही गोष्ट या खाणी स्पष्टपणे सांगतात.

केरळचे मोनाझाइट किरणोत्सर्गाचा साक्षीदार आहे, पण ते काच नव्हे. मुंबईचा बेसाल्ट काचेचा व पाण्याचा साक्षीदार आहे, पण त्याने किरणोत्सर्ग सोसलेला नाही. दोहोंचा भार एकाच वेळी वाहिलेली काच निसर्गाने ठेवलेली नाही. अणुकचऱ्याच्या काचेबद्दलचे कोणतेही भाकीत या दोन अपुऱ्या साक्षी जोडूनच करावे लागते, आणि त्या जेथे जोडावयाच्या तेथे प्रयोगशाळेचा सांधा लागतो.

७. प्रयोगशाळेची घाई व निसर्गाचा संथपणा

हा सांधा कितपत भक्कम आहे, याचाही विचार आवश्यक आहे. ८८ वर्षे अर्धायुकालाचे प्लुटोनियम-२३८ मिसळलेले झिर्कॉन प्रयोगशाळेत सहा-सात वर्षांतच अस्फटिकी होते. श्रीलंकेच्या झिर्कॉनला त्यासाठी कोट्यवधी वर्षे लागली. आघाताचा वेग इतका वाढविला की दुरुस्तीला सवड उरत नाही. त्यामुळे घाईने केलेला प्रयोग बहुधा प्रत्यक्षाहून वाईट चित्र दाखवितो, असे मानण्याकडे कल असतो. परंतु ही समजूत सर्वत्र लागू करता येत नाही. हळू होणारी क्रिया, उदाहरणार्थ हीलियमचे हळूहळू साचणे अथवा पाण्याचे भेगेत शिरणे, घाईच्या प्रयोगात दृष्टीआड राहू शकते.

२००७ मध्ये झालेल्या एका मोजणीने या क्षेत्रातील आत्मविश्वासाला मर्यादा घातली. फार्नन, चो व वेबर यांनी अणुगर्भीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने झिर्कॉनमधील स्थानभ्रष्ट अणू प्रत्यक्ष मोजले. एका अल्फा-उत्सर्गामागे ही संख्या सुमारे ५,००० निघाली. गणिताने अपेक्षित धरलेल्या संख्येहून ती बरीच अधिक होती. या हिशेबाने दशांश भाग प्लुटोनियम-२३९ असलेले झिर्कॉन सुमारे १,४०० वर्षांतच अस्फटिकी होईल. प्लुटोनियमचे आयुष्य याच्या कितीतरी पट आहे. झिर्कॉन हे टिकाऊपणाचे प्रतीक मानले जात होते. पृथ्वीवरील सर्वांत प्राचीन खनिजकण झिर्कॉनचेच आहेत. त्या प्रतीकाचाही हिशेब मोजणीने बदलला. दुसरीकडे, गॅडोलिनियम झिर्कोनेटसारखी संयुगे तीव्र माऱ्यातही स्फटिक राहतात, आणि त्याच रचनेत झिर्कोनियमऐवजी टायटॅनियम घातले की ती चटकन अस्फटिकी होतात. एका मूलद्रव्याच्या बदलाने दुरुस्तीची सारी क्षमता पालटते, हे तत्त्व येथेही पुन्हा प्रत्ययास येते.

८. समारोप

भारतात अणुकचऱ्याच्या काचेसाठी अंतिम भूगर्भीय भांडार अद्याप उभारलेले नाही. ठोकळे थंड होईपर्यंत ते देखरेखीखाली ठेवण्याची व्यवस्था आहे. तारापूर येथील साठवणगृह नैसर्गिक हवेच्या प्रवाहाने थंड राखले जाते. त्यामुळे आश्रयद्रव्याच्या निवडीचा प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही, आणि पुढील संशोधनास वाव आहे. खनिजांच्या साक्षीवरून त्या संशोधनाला तीन दिशा मिळतात. पहिली, द्रव्य निवडताना ते किती आघात सोसते एवढेच न पाहता साठवणुकीच्या तापमानात ते स्वतःची दुरुस्ती किती वेगाने करते, हे पाहावे. दुसरी, रचना मोडणे आणि कोंडलेले मूलद्रव्य निसटणे यांचे मापन स्वतंत्रपणे करावे. तिसरी, प्रयोगशाळेतील प्रत्येक त्वरित प्रयोगाला त्याच कुळातील एखाद्या प्राचीन खनिजाची जोड द्यावी.

या तिसऱ्या दिशेने काम करण्यास मुंबईच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. अंधेरीची टेकडी, कांदिवलीच्या खाणींतून निघालेली व संग्रहांत ठेवलेली खनिजे आणि कोणत्याही भूशास्त्र विभागाच्या कपाटात असणारी मोनाझाइटची वाळू ही त्याची सामग्री होय. वरील हिशेब त्या वाळूच्या प्रत्यक्ष पृथक्करणावर आधारून नव्याने केले आणि त्यांची तुलना क्ष-किरणांनी मोजलेल्या स्फटिकतेशी केली, तर मोडतोड व दुरुस्ती यांच्या स्पर्धेत कोण किती पुढे आहे हे प्रत्येकाला स्वतः पडताळता येईल. तुर्भे येथे काचेत कोंडलेले द्रव्य आजच्या सर्व संस्थांहून अधिक काळ टिकणार आहे. त्याच्या रक्षणाची ग्वाही देताना ज्यांचे वय त्याहून अधिक आहे अशा साक्षीदारांनाच प्रथम बोलावणे युक्त ठरते.